राक्षसाच्या तोंडी बाबांची हाक

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

चि. आदिनाथ,

आशीर्वाद शेवटी लिहीन, लिहावासा वाटला तर. आधी बोलायचं ते बोलून घेते.

टपालानं पत्र आलं म्हणून हसू नको. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर तू माणसाला बोलण्यात गुंडाळतोस, नटाचा धंदाच तो तुझा. दोन वाक्यांत रडवशील, तिसऱ्यात हसवशील आणि मला विचारायचं ते राहून जाईल. कागदावर तुझा आवाज चालत नाही. इथं मीच बोलणार. सात वर्षं बोलले नाही, त्याचं सगळं साचून आहे.

झालं ते असं. परवा राखीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी मागच्या खोलीत ज्वारी निवडत बसले होते. पुढच्या खोलीत अक्षदा कंप्युटरवर खेळत होती. तुझी भाची आता बावीस वर्षांची आहे, शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागलीय. सुट्टीच्या दिवशी खेळते, मी काही म्हणत नाही. आणि एकदम मला बाबांची हाक ऐकू आली.

आद्या, बाबांचीच. आधी जीभ टाळ्याला लावून दोनदा टकटक, मग चढण चढावी तशी चढत जाणारी लांब होऽऽ, आणि शेवटी श्वास आत ओढल्यासारखी तुटणारी. फर्दापूरच्या माळावर दहा जणांची मेंढरं चरायची, पण त्या हाकेला फक्त आपली मेंढरं माना वर करायची. दुसऱ्याचं एक नाही. बाबांना ती त्यांच्या बापाकडून आली, बाबांनी तुला दिली. मला नाही दिली. पोरीनं हाक द्यायची नसते म्हणायचे. पोरीनं तांब्या घेऊन दारात यायचं, मेंढरामागून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं.

मला काही कळायच्या आत मी उठले, पदर डोक्यावरून घेतला, माठातून तांब्या भरला आणि दारात जाऊन उभी राहिले. हाक आली की तांब्या, अंगातच बसलंय ते. समोर आमची गल्ली. पलीकडच्या भाभी स्कूटी पुसत होत्या, म्हणाल्या, "किसकी राह देखरे दीदी, पानी लेके?" बाबांना जाऊन सात वर्षं झाली हे मला तिथं, हातात तांब्या धरून आठवलं.

मग परत हाक आली. आतून.

जाऊन बघते तर पडद्यावर राक्षस. डोक्यावर हाडांचा मुकुट, तोंडातून धूर. उंच दगडावर उभा राहून तो बाबांची हाक देतोय आणि खाली मातीतून मढी उठून त्याच्याकडं चाललीत. अक्षदा आनंदानं उड्या मारायला लागली, "आई, हा मामा आहे! हाडांचा राजा मामानंच केलाय. आवाज त्याचा, चालणं पण त्याचं. ठिपक्यांचे कपडे घालून चालतात, ते कंप्युटर टिपून घेतो. थांब, परत ऐकवते."

मी म्हटलं, "बंद कर."

तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि डोक्यावरून आंघोळ केली.

मला एवढंच सांग, तुला साऱ्या जगात दुसरा आवाज मिळाला नाही? कोल्ह्याचा द्यायचा होता. तुमच्या लंडनच्या राजाच्या घोड्याचा द्यायचा होता. वाट चुकलेलं कोकरू घरी आणायची ती हाक. बाबांनी त्या हाकेनं आयुष्यात कुणाला दुखवलं नाही आणि तू तिनं मढी उठवलीस.

तू बाबांच्या मातीला आला नाहीस. तुझं नाटक चालू होतं. दहाव्याला दोन तास पिंडाला कावळा शिवला नाही, तेव्हा लोकांना तोंड मीच दिलं. केसर आत्या म्हणत होती, "माझ्या भावाचा, मुंजाबाचा जीव पोरात अडकलाय गं." शेवटी तुझे दाजी हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आदिनाथला घेऊन येतो, बाबा." मग शिवला. हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं, तुझ्यापायी झालं म्हणून. तू उत्तर दिलं नाहीस. ते गिळलं. हे गिळणार नाही.

ती हाक त्या खेळातून काढून टाक. कशी काढायची ते तुझं तू बघ.

अंबिका

आशीर्वाद लिहावासा वाटला नाही.


छत्रपती संभाजीनगर
१४ सप्टेंबर २०२५, पितृपक्षातली अष्टमी

चि. आदिनाथ,

तुझं उत्तर अक्षदाच्या फोनवर आलं. मी म्हटलं, कागदावर आण, मगच वाचीन. तिनं छापून आणलं. मी मात्र टपालानंच लिहिणार. मागच्या वेळी पोस्टातला कारकून विचारत होता, "काकू, लंडनला पत्र? व्हॉट्सअप नाही का त्यांच्याकडं?" मी म्हटलं, "आहे ना, म्हणून तर पत्र."

तू लिहितोस, "ताई, ती हाक आता काढता येत नाही. आवाज कंपनीचा झाला, तशी सही केलीय मी." हे मला समजावून सांग. हाक बाबांची, गळा तुझा आणि मालक कंपनी! सही करताना बाबांना विचारता येत नव्हतं, मान्य. मी मेले होते का?

पुढं तू लिहितोस की खेळाचा दिग्दर्शक म्हणाला, मेलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा आवाज काढ. "आणि ताई, मला तसा एकच आवाज ठाऊक होता. बाबांनी जाताना तोच ऐकला. तू फोन त्यांच्या कानाला लावला होतास. त्यानंतर मी ती हाक कुणालाच दिली नव्हती."

यावर मी आज काही लिहिणार नाही. आज बाबांची तिथी आहे, घरात कामं आहेत. गच्चीवर पान ठेवून आलेय. कावळा अजून आलेला नाही. येईल.

मला दुसरंच विचारायचंय. तुझं हे कसलं काम आहे? फर्दापूरला शाळा सुटली की तू लेणी बघायला आलेल्या पर्यटकांमागं फिरायचास. जपान्याशी जपानी, जर्मनाशी जर्मन, एक शब्द येत नसताना असा बोलायचास की ते लोक थांबून कान द्यायचे. बाबा मेंढरं सोडून बघत उभे राहायचे. इथं विद्यापीठात नाटक शिकलास, शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला गेलास, तिथलीच मडम केलीस, तिथलाच पासपोर्ट घेतलास. गावात लोक म्हणायचे, मुंजाबा सोन्नराचा पोरगा ब्रिटिश नट झाला. मलाही अभिमान होता, खोटं कशाला बोलू. मग तुझी कामं बघितली.

म्हणजे मी काही मुद्दाम बघत नाही. अक्षदा कधीतरी दाखवते.

नाटकात पहिली चार वर्षं तू भाला धरून उभा. पाचव्या वर्षी तोंड उघडलंस आणि त्याच अंकात मेलास. टीव्हीवर टॅक्सीवाला झालास, पाठीत सुरा. दुकानदार झालास, गल्ल्यावर गोळी. दवाखान्याच्या मालिकेत डॉक्टर झालास तेव्हा मला बरं वाटलं, गळ्यात ती नळी तुला शोभत होती, तर तुझ्या तोंडी वाक्य एकच, "आम्ही वाचवू शकलो नाही," आणि पुढच्या भागात तूच दिसेनासा. एकदा पोटाला बॉम्ब बांधून आलास. तो भाग मी दाजींना बघू दिला नाही. माझ्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं आहे, नाटकात सहा वेळा मेलास आणि टीव्हीवर एकोणीस. खेळांतलं मला मोजता आलं नाही. अक्षदा म्हणते, राजा व्हायच्या आधी मामा बरीच वर्षं नुसते मरतानाचे आवाज द्यायचा. बंद खोलीत उभं राहून एक दिवस कड्यावरून पडायचं, एक दिवस जळायचं, एक दिवस बुडायचं. तुझी मुलाखत आहे म्हणे तशी, त्यात तू हसत हसत सांगतोस की जळण्याच्या दिवशी घसा बसला आणि मधाचं पाणी प्यायलो.

हसतोस कसला? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी बारा. तुला ताप चढला की मी बिरोबापुढं बसून राहायचे, माझं काही घे पण याला उठव म्हणून. ज्या पोराला जगवायला मी देवाला वेठीला धरलं, ते पोरगं तिथं जाऊन रोज मरून दाखवतं. आणि ती माणसं तरी कसली? वीस वर्षांत एका सावळ्या माणसाला बायकापोरांत बसून चहा पिण्याचं काम देता येऊ नये त्यांना? तू मागत का नाहीस? तिथं तुला जीभ नाही का?

केसर आत्याचं तुला कुणी सांगितलं नसेल. दोन वर्षांपूर्वी तिच्या नातसुनेनं तिला मोबाईलवर तू दाखवलास. लोखंडी टेबलावर आडवा, अंगावर पांढरी चादर, शेजारी बाई रडतेय. आत्यानं हंबरडा फोडला. नातसून सांगायच्या आत ती न्हाणीत गेली, चूल बंद केली, गल्लीत निरोप गेले. नातसून म्हणत राहिली, "आजी, हे नाटक हाय," तर आत्या म्हणे, "नाटकात मढं कुठं खरं असतंय, हे तर आपल्या आदिनाथाचं तोंड हाय!" दोन दिवस फर्दापुरात तुझं सुतक पाळलं. मला कळल्यावर मी फोन केला, "आत्या, जिवंत आहे तो." आत्यानं नाक शिंकरलं. मग म्हणाली, "मंग म्या एवढं रडले ते कुणाला गेलं?" आणि वर म्हणते, "जाऊ दे. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. पर आंबे, त्याला म्हणावं, एकदा तरी जित्तं ऱ्हायचं काम घे."

हा निरोप मी तुला दोन वर्षं दिला नव्हता. आज दिला.

एकदाच तुझं नाव नाटकाच्या पाटीवर सगळ्यांत वर लागलं. राजा झाला होतास. आणि नेमके त्याच महिन्यात बाबा पडले.

कंपनीला लिही. सहीनं दिलंस तर सहीनंच परत माग.

अंबिका

आशीर्वाद अजून नाही.


छत्रपती संभाजीनगर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. आदिनाथ,

तुझं पत्र अक्षदानं आणून दिलं त्याला आठ दिवस झाले. एवढ्यात उत्तर गेलं असतं. का गेलं नाही ते याच पत्रात आहे.

मला नीट कळलंय का बघ. कंपनी खेळाचा दुसरा भाग काढतेय. हाडांचा राजा त्यात पुन्हा आहे आणि या भागात तो मरत नाही, शेवटपर्यंत जगतो. पण तुला बोलावणार नाहीत. तू फक्त सही करायची. तुझे आजवरचे सगळे आवाज कंप्युटरला खाऊ घालणार आणि पुढचं सगळं तोच तुझ्या आवाजात बोलणार. हाकसुद्धा तोच देणार, पाहिजे तितक्या वेळा, पाहिजे त्याला. सही केलीस तर नाव तुझं राहील. नाही केलीस तर दुसरा नट घेतील. पंधरा नोव्हेंबरपर्यंत सांगायचं आहे.

आणि तू लिहितोस, "ताई, अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो. अशी कामं आता चालत येत नाहीत. पण हाक एकट्याची नाही माझी. बाबांनी ती शेवटची ऐकली ती तुझ्या हातून. तू नको म्हणालीस तर सही करणार नाही."

वा रे वा. पहिल्या वेळी कुणाला विचारलं नाहीस, आता सगळा निवाडा माझ्या गळ्यात. वाचल्या वाचल्या मी पेन घेतलं. एकच शब्द लिहायचा होता, नको. कागद पुढ्यात घेऊन चार वेळा बसले आणि चारही वेळा उठून भांडी घासत बसले. दाजींनी विचारलं, "घासलेलीच भांडी परत कशाला घासते?"

आदिनाथ, तुझी ती हाक बाबांनी ऐकलेली नाही.

आता पुढचं सलग वाच, मधे थांबू नको.

पडल्यापासून बाबांना वाचा राहिली नव्हती, पण कान शाबूत होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, बोलत राहा, त्यांना कळतं. तुझा फोन आला तेव्हा इथं संध्याकाळचे साडेसात वाजले होते. तुझ्याकडं दुपार, प्रयोग सुरू व्हायला अर्धा तास. तू म्हणालास, "ताई, मला काही बोलायचं नाही. फोन बाबांच्या कानाला लाव, मी फक्त हाक देतो." मी म्हटलं, "लावते." आणि मी फोन घेऊन खोलीतून बाहेर आले. बाहेर जिना होता, तिथं उभी राहिले. फोन माझ्याच कानाला होता. म्हटलं, "हं, दे."

तू दिलीस. पूर्ण दिलीस. मागं कुणीतरी इंग्रजीत तुला बोलावत होतं तरी तू शेवटचा श्वास तोडला नाहीस. आणि मी जिन्यात उभी राहून सांगितलं, "ऐकलं बाबांनी. डोळ्यांत पाणी आलं बघ त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

का केलं म्हणशील. सतरा वर्षं मी त्यांचं केलं. इथं आणलं, औषधं दिली, अंग पुसलं. आणि मी खोलीत शिरले की त्यांचे डोळे माझ्या मागं बघायचे, तू आलास का म्हणून. सतरा वर्षं माझ्या मागं बघायचे. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच आलं, हा तिकडं राजाचे कपडे घालून उभा आहे आणि याला फोनवरून मुलगा व्हायचंय. हाक द्यायची तर येऊन दे म्हणावं. मी ठरवून नव्हतं केलं. पाय जिन्याकडं गेले एवढं खरं. परत खोलीत आले तर बाबांचे डोळे दाराकडंच होते.

मला वाटलं होतं, उद्या लावून देईन फोन. उद्या नव्हता.

कावळ्याचंही खरं सांगते. दाजींना वाटतं त्यांच्या शब्दाला शिवला. ते बोलले तेव्हा कावळा कठड्यावरच होता, हलला नव्हता. मी मनात म्हटलं, बाबा, मी आद्याला खरं सांगीन. तेव्हा तो उतरला. म्हणजे शब्द मी दिला होता, आणि सात वर्षं दाबून ठेवला. उलट तुलाच लिहिलं, तुझ्यापायी झालं म्हणून. तू गप्प राहिलास याचाही मला राग येत होता. मग यंदा राखीला ती हाक माझ्याच घरात उठली. बाबा आठवण द्यायला आले असं आत्या म्हणेल. मी काय म्हणू? तू ती राक्षसाला का दिलीस तर बाबांनी ऐकली म्हणून. त्यांनी ऐकली हे तुला कुणी सांगितलं, तर मी. तुला जाब विचारायला निघाले आणि पायवाट फिरून माझ्याच दारात आली.

पण यामुळं तुझा गुन्हा पुसला असं समजू नको. तू यायला हवं होतंस. एक पाटी गेली असती तर दुसरी लागली असती. मी खोटं बोलले ते माझ्या नावावर, तू आला नाहीस ते तुझ्या. एकात दुसरं वजा होत नाही.

सहीचं तू ठरव. मला विचारायचं नाही. नको म्हणायचा हक्क मी त्या जिन्यात घालवला.

अंबिका

आशीर्वाद या पत्रात देण्याचं तोंड मला नाही.


छत्रपती संभाजीनगर
२० नोव्हेंबर २०२५

चि. आदिनाथ,

तुझं पत्र आलं. पोस्टमन दारात येऊन म्हणाला, "काकू, लंडनहून उत्तर आलं बघा, खरंच आलं!" त्या लोकांनी आपसात बोलून ठेवलं होतं वाटतं. हातानं लिहिलेलं. तुझं अक्षर चौथीत होतं तसंच आहे, ओळी डोंगर उतरल्यासारख्या खाली जातात. मी घरात न नेता ओट्यावरच वाचलं.

"ताई, सात वर्षं? सात वर्षं मला वाटत होतं की तेवढं एक तरी मी नीट केलं. तुझा मला लई राग आलाय. आठ दिवस घरात कुणाशी बोललो नाही. सही केली नाही. ज्याची हाक त्याला अजून पोचलीच नाही, तर मशीनला कुठून देऊ? एकोणीस डिसेंबरला येतोय. एकटाच. फर्दापूरला नेशील का?"

बस, एवढंच. मी वाट बघत होते की पुढच्या पानावर तू मला माफ केलंस म्हणून लिहिलं असेल. मागून कोरं निघालं. बरं झालं. लिहिलं असतंस तर मला ते नाटकातलं वाटलं असतं. रागाव. पोटभर रागाव. इथं येऊन माझ्या तोंडावर बोल, मी सगळं ऐकून घेईन आणि मग माझंही ऐकवीन.

पण त्या कंपनीचं मला अजून पचत नाही. अक्षदानं नेटवरून वाचून दाखवलं, चार दिवसांत दुसरा नट घेतला म्हणे. चार दिवस! दहा वर्षं या माणसाला जाळला, बुडवला, कड्यावरून पाडला, आणि त्याची जागा भरायला चार दिवस पुरले. अक्षदा तर इतकी चिडली की तो खेळच तिनं कंप्युटरवरून काढून टाकला. मी म्हटलं, "अगं, हाक होती ना त्यात." ती म्हणाली, "मामा येतोय ना, आई." पोरगी कधीकधी शहाण्यासारखं बोलते. पहिल्या भागात ती हाक आहे तशीच राहणार, लोक ऐकणार, याला आता इलाज नाही. मला ते आवडलेलं नाही, पुढंही आवडणार नाही, ते लिहून ठेवते.

आत्याला फोन केला. राजाचं काम गेलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मंग बरं झालं की. आता जित्तं ऱ्हायला मोकळा झाला." तू येणार म्हटल्यावर विचारते कशी, "खरा येणार का मोबाईलात?"

आता नीट ऐक. एकोणीसला अमावास्या आहे. तिकीट काढताना पंचांग बघावं हे तुला सुचायचं नव्हतंच. तर अमावास्येला घरी ये, जेव, झोप काढ. विमानतळ इथं जवळच आहे, रिक्षावाल्याशी इंग्रजी बोलू नको, फिरवून आणेल. मला काही आणू नको. माझ्याकडं ठेवायला जागा नाही. आत्याला मात्र गरम शाल आण, तिला थंडी सोसत नाही.

रविवारी फर्दापूरला जाऊ. बिरोबाचा वार आहे. दाजी म्हणत होते गाडी करू, मी म्हटलं एसटी चालते. मोबाईल सगळ्यांचे पिशवीत राहतील. कुणी काही टिपून घ्यायचं नाही, अक्षदालाही बजावलंय. एकदाच व्हायचं ते एकदाच होईल.

बाबा ज्या दगडावर उभे राहायचे तो अजून तिथंच आहे, मी मागच्या वर्षी बघून आले. मेंढरं राहिली नाहीत, चुलत्यांनी केव्हाच विकली. हाक द्यायची तर समोर कुणीतरी लागतं. आत्या बाभळीखाली बसेल, तिला ओढ्यात उतरवणार नाही. मी ओढ्याच्या पलीकडं जाऊन उभी राहीन, कळप थांबायचा तिथं. तू बाबांना दे. ती माझ्यावरून जाईल. या वेळी मी मधे उभी राहून अडवणार नाही.

आणि एक लक्षात ठेव. तिथं नट म्हणून उभा राहू नको. मला फरक कळतो, तुझी सगळी कामं मी बघितलीत, एकही सोडलेलं नाही. हाक खोटी वाटली तर मी जागची हलणार नाही, संध्याकाळ झाली तरी. खरी आली तर मला ठरवायचं कामच नाही, पाय आपसूक निघतात. तांब्या मी घरून भरूनच नेणार आहे.

तुझी
ताई

आशीर्वाद, मागच्या तिन्ही पत्रांचा मिळून.